केसपेपरातील एका रकान्याविषयी

माननीय आयुक्त, आरोग्य सेवा तथा अभियान संचालक, राष्ट्रीय आरोग्य अभियान, महाराष्ट्र राज्य, मुंबई, यांस,



शासकीय रुग्णालयात दाखल झालेल्या नवजात अर्भकाच्या केसपेपरावर वजन, अंगाचे तापमान, श्वासांची गती, नाडीचे ठोके, रक्तातील साखर, शिरेवाटे गेलेले द्रव, पोटात गेलेले आईचे दूध आणि लघवीच्या खेपा इतक्या बाबींचे रकाने असतात, आणि रात्रपाळीच्या सिस्टरबाई झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी ते दर तासा-दोन तासांनी इमानेइतबारे भरीत असतात. परंतु त्याच अर्भकाला त्या दिवसात किती वेळा सुई टोचली गेली, टोचताना त्यास कितपत वेदना झाली, आणि ती कमी व्हावी म्हणून काय तजवीज करण्यात आली, हे सांगणारा रकाना माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही केसपेपरावर नव्हता. हा एक रकाना त्या कागदावर वाढवावा, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे. मागणी लहान असली तरी तिच्यामागचा इतिहास लहान नाही, म्हणून पत्र लांबणार आहे. त्याबद्दल आगाऊ क्षमा असावी.

मी वैद्य नव्हे. दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात शिरस्तेदारी करून निवृत्त झालेला आणि आता देगलुरास स्वस्थ बसलेला मनुष्य आहे. मुंबईच्या दप्तरांत आमच्या गावाचे नाव झाले तर गुंडामहाराजांच्या मठामुळे होते, अथवा तेलंगण आणि कर्नाटक या दोन्ही सरहद्दींना टेकलेला तालुका म्हणून होते. येथील बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार बोली एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात, आणि उपजिल्हा रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची प्रकृती बिघडली तर त्यास नरसी-नायगावच्या रस्त्याने नांदेडास न्यावे लागते. न्यायालयात आयुष्य घालविलेल्या मनुष्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की जे दप्तरात नाही त्याची दाद लागत नाही. तथापि कायद्याने एका पक्षकाराच्या बाबतीत मोठी दूरदृष्टी दाखविली आहे. अज्ञान बालकास स्वतः फिर्याद करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने वादमित्र उभा राहतो, आणि सातबाऱ्यावरही अज्ञानाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचे नाव लागते. चार गुंठे जमिनीसाठी जी तजवीज आपण केली, ती त्या बालकाच्या टाचेसाठी केली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या खात्याने काही केले नाही, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ११ अर्भके पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. देशातील बहुतेक राज्यांच्या तुलनेत हा आकडा पुष्कळच खाली आला आहे. त्या घटीमागे गडचिरोलीचे उदाहरण उभे आहे, हेही विसरता येत नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत खेड्यातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, इतकेच नव्हे तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देणेही शिकविले, आणि तेथील नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगास कळविले. खेड्यातली बाई मोजू शकते, लिहू शकते आणि त्या लिहिण्याने बाळ वाचते, ही गोष्ट महाराष्ट्राने जगाला दाखविली आहे. सबब ‘आमच्याकडे हे कोण मोजणार?’ हा प्रश्न निदान या राज्यात तरी विचारला जाऊ नये.

परंतु आपल्याकडे अर्भकांची मोजदाद वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचते ती ती मेल्यावर. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षास आग लागून १० अर्भके गेली. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन तारखांच्या दरम्यान आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ अर्भके होती, आणि उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. हे आकडे आम्हा नांदेडकरांना तोंडपाठ आहेत. जी बाळे त्या कक्षांतून वाचून घरी येतात, त्यांच्या अंगावर काय काय होऊन गेले, याचा आकडा मात्र कोणापाशी नाही. तो असू शकतो. फ्रान्समध्ये रिकार्डो कार्बाहाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिस परिसरातील अतिदक्षता कक्षांत ४३० अर्भकांच्या उशाशी कागद ठेवून असा हिशेब मांडला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला: प्रत्येक अर्भकाच्या वाट्यास दिवसाकाठी मध्यकाने १० वेदनादायक कृती येत होत्या, आणि अशा दर शंभर कृतींपैकी सुमारे ७९ कोणत्याही खास वेदनाशमनाविना उरकल्या जात होत्या. ही पॅरिसची गोष्ट, जेथे खाटा, मनुष्यबळ आणि औषधे यांची ददात नाही.

वेदना दिसते कशी, हे एकदा डोळे भरून पाहावे. जन्मल्यानंतर निरोगी बाळासही क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मांडीत मिळते, काविळीच्या ब प्रकाराची लस मिळते, आणि डाव्या दंडावर बीसीजीची फोडी उठते. हे सर्व आवश्यक आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. आजारी बाळाची कथा निराळी. त्याची साखर पाहण्यासाठी टाच टोचतात. सिस्टरबाई डाव्या मुठीत ती टाच धरतात, जी त्यांच्या अंगठ्याच्या पेरापेक्षा फारशी मोठी नसते; कडेच्या बाजूस सुई जाते; क्षणभर काहीच घडत नाही. मग दोन भुवयांच्या मधला भाग फुगीर होऊन पुढे येतो, डोळे घट्ट मिटले जातात, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घळी एकाएकी खोल होते, आणि तोंड चौकोनी उघडते. पुरे दिवस भरलेले बाळ असेल तर त्यातून आवाज येतो, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले, नळी लागलेले बाळ असेल तर आवाजही येत नाही. रक्ताचा थेंब पुरेसा आला नाही तर टाच दाबतात, आणि त्या दाबण्याचे दुःख टोचण्याहून अधिक असते, असे जाणते सांगतात.

हा चेहरा शतकानुशतके आयांना दिसत होता. विज्ञानाला मात्र तो दिसण्यास विसावे शतक सरत यावे लागले. १९४१ मध्ये मर्टल मॅकग्रॉ या अमेरिकन विदुषीने अर्भकांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास केला आणि पहिल्या दिवसांतील मंद प्रतिसादावरून असा अर्थ काढला की मेंदूचा वरचा थर तेव्हा अद्याप कामास लागलेला नसतो. त्या निष्कर्षाच्या आधारावर पुढची पिढी निश्चिंत झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भूल सोसत नाही, ही भीती त्यास जोडली गेली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. परिणामी छाती उघडून करावयाच्या शस्त्रक्रियासुद्धा पुष्कळ ठिकाणी स्नायू शिथिल करणारे औषध आणि थोडासा नायट्रस ऑक्साइड वायू एवढ्यावर होत असत. स्नायू शिथिल केलेला देह हलत नाही, रडत नाही. सबब पाहणाऱ्यास तो शांत दिसतो. १९८५ मध्ये अमेरिकेत जिल लॉसन या बाईंच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलावर अशीच हृदयाजवळील शस्त्रक्रिया झाली आणि पुढे ते मूल गेले; त्याला वेदनाशामक असे काहीच दिले गेले नव्हते, हे त्यांना नंतर चौकशी केल्यावर कळले, आणि त्यांनी ते पत्रे लिहून जगजाहीर केले. एका आईच्या पत्रांनी एवढा मोठा प्रघात हलला, हे ध्यानी घेऊन माझ्यासारख्या पत्रलेखकास थोडा धीर आला आहे.

पत्रांनी लोकमत हलते. वैद्यकाचे मत हलण्यास पुरावा लागतो, आणि तो ज्यांनी आणला त्या डॉ. कंवलजीतसिंग आनंद यांचे वैद्यकीय शिक्षण होळकरांच्या इंदुरात, महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात झाले. र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. तेथे शस्त्रक्रियेहून परत येणारी बाळे इतकी खचलेली का असतात, हा प्रश्न त्यांना पडला, आणि त्याचे उत्तर त्यांनी चेहऱ्यात न शोधता रक्तात शोधले. बाळ बोलत नाही, पण वेदनेच्या आघातात अॅड्रिनलिन आणि तत्सम स्राव रक्तात उसळतात, साखर चढते. ही साक्ष खोटी पडत नाही. हृदयाजवळील तीच शस्त्रक्रिया व्हावयाच्या अपुऱ्या दिवसांच्या १६ अर्भकांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकास त्या काळचा शिरस्ता, दुसऱ्यास त्याच शिरस्त्यावर फेंटानिल हे वेदनाशामक. पहिल्या गटातील बाळांच्या रक्तात आघाताचे स्राव कितीतरी पटींनी वाढले आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांनाच अधिक झाले. जानेवारी १९८७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जाहीर केले की अर्भकास भूल नाकारण्यास वय हे कारण होऊ शकत नाही. १९९२ मध्ये आनंद आणि हिकी यांनी बोस्टन येथे हृदयाच्या शस्त्रक्रियांत खोल भूल मिळालेल्या ३० अर्भकांपैकी एकही दगावले नाही आणि हलकी भूल मिळालेल्या १५ पैकी ४ दगावली, असे दाखविले, तेव्हा वेदनाशमन ही निव्वळ दयेची बाब उरली नाही. तो प्राणाचा प्रश्न ठरला.

या ठिकाणी एक अवघड गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८७ च्या ज्या प्रयोगाने वेदना सिद्ध झाली, त्या प्रयोगातील निम्म्या बाळांना ती वेदना सोसावी लागली. तेव्हा तोच सर्वत्र शिरस्ता होता, त्यामुळे प्रयोगाने त्यांचे नवे नुकसान केले नाही, असा युक्तिवाद होतो आणि तो मला पटतो. परंतु तोच युक्तिवाद आज, उत्तर हाती असताना, कोणी पुढे करू लागला तर तो पटणार नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसरी गोष्ट याहून उद्बोधक आहे. दया ही औषधासारखीच मात्रेत घ्यावी लागते, असे या शास्त्राच्या पुढच्या इतिहासावरून दिसते. बाळास दुखते हे कळल्यावर श्वासयंत्रावरील बाळांना मॉर्फिनचा सतत पुरवठा करावा, असे वाटणे स्वाभाविक होते, त्याच डॉ. आनंद यांच्या पुढाकाराने ८९८ अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर त्याची पारख झाली, आणि २००४ मध्ये त्यांनीच कळविले की त्याने मृत्यू घटत नाहीत, मेंदूतील रक्तस्रावही घटत नाही, आणि काही बाळांचा रक्तदाब मात्र उतरतो. स्वतःच्याच मोहिमेच्या उत्साहाला असा लगाम घालणारे लोक आमच्या सार्वजनिक जीवनात विरळा. पुढे ऑक्सफर्डमध्येच टाच टोचण्यापूर्वी आणि डोळे तपासण्यापूर्वी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तोंडावाटे मॉर्फिन देऊन पाहिले गेले. ३१ बाळे झाली तेव्हाच ती चाचणी थांबवावी लागली, कारण श्वास मंदावत होते आणि वेदना कमी झाल्याचेही दिसत नव्हते. २०१८ चा तो अहवाल मी आमच्या गावातील एका तरुण डॉक्टरांकडून समजावून घेतला, आणि तेव्हापासून ‘निदान काहीतरी द्या’ असे म्हणणाऱ्याची मला भीती वाटते.

म्हणूनच मोजण्याचे महत्त्व. चेहरा, रडणे, श्वास, हात, पाय आणि जागृती या सहा बाबी पाहून शून्य ते सात गुण देण्याची एक पद्धत १९९३ पासून आहे. तीस यंत्र लागत नाही, मिनिटभर लक्ष लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी टोरोंटो येथील बॉनी स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये निराळी मोजपट्टी काढली. तिच्यात हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू यांजबरोबर मी वर वर्णिलेल्या भुवया, डोळे आणि घळी येतातच; पण तिच्यातील एका कलमाने माझ्यातला जुना शिरस्तेदार खूष झाला. पूर्ण दिवसांच्या बाळास त्या कलमाखाली शून्य गुण. ते जितके लवकर जन्मलेले तितके गुण त्याच्या पदरात आधीच टाकलेले. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्यास तीन. कारण इतक्या कोवळ्या बाळाच्या अंगी रडण्याचीच शक्ती नसते, आणि ज्याला ओरडता येत नाही त्याची शांतता त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाऊ नये. २०१४ च्या सुधारित आवृत्तीत हे गुण चेहऱ्यावर अथवा ठोक्यांत थोडाफार बदल झाला तरच मिळवावेत, अशी दुरुस्ती झाली, तीही रास्तच आहे.

असे असले तरी मोजपट्टी म्हणजे वेदना नव्हे. २०१० मध्ये लंडनमधील रिबेका स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५९ निरोगी नवजातांची टाच टोचण्यापूर्वी काहींच्या जिभेवर साखरेचे पाणी आणि काहींच्या जिभेवर नुसते शुद्ध पाणी घातले, आणि चेहऱ्याबरोबर मेंदूतील विद्युत्‌-लहरीही टिपल्या. साखर मिळालेल्यांच्या चेहऱ्यावरील गुण कमी आले. मेंदूतील वेदनेशी निगडित लहर मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. साखरेने दुःख जाते की दुःखाचे प्रदर्शन जाते, हा वाद त्या दिवसापासून मिटलेला नाही, आणि त्या लहरीचा अर्थ काय लावावा याविषयीही तज्ज्ञांत एकमत नाही. माझे सामान्य मनुष्याचे मत असे की चेहरा शांत झाला, रडे लवकर थांबले आणि ठोके जागेवर आले, तर ते बाळाच्या हिताचेच आहे. पण रकान्यात भरलेला आकडा अंतिम सत्य आहे असे समजून कोणी हात झटकू नयेत, म्हणून हे सांगितले.

साखरेविषयी तपशीलाने लिहितो, कारण आमच्या भागात गैरसमजास येथे जागा आहे. मी ज्याविषयी बोलतो आहे ती रुग्णालयात निर्जंतुक रीतीने बनविलेली, ठराविक तीव्रतेची, टोचण्याच्या सुमारे दोन मिनिटे आधी जिभेच्या शेंड्यावर थेंबांनी ठेवावयाची मात्रा आहे. घरी चाटविलेला मध नव्हे, बाळगुटी नव्हे, गुळाचे पाणीही नव्हे. कोवळ्या बाळास मध चाटविणे घातक ठरू शकते. आणि डागणे, चाचविणे, बिब्बा लावणे हे प्रकार तर वेदनेवर वेदनेचा उतारा करण्याचे. मेळघाटात २०२५ च्या फेब्रुवारीत २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर विळा तापवून पासष्ट डाग दिल्याचे उघड झाले, तेव्हा सर्वांनी हळहळ व्यक्त केली आणि अंधश्रद्धेवर लेख लिहिले गेले. तो संताप योग्यच होता. केवळ इतकेच विचारावेसे वाटते की अर्भकाला दुखते हे त्या दिवशी ज्यांना इतके स्पष्ट दिसले, त्यांना ते काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाच्या टाचेवर का दिसू नये?

साखर परवडत नाही असे म्हणण्याची सोय नाही, आणि साखरेवाचूनही चालते. आईचे दूध, आईची छाती, आईचा वास यांनी टोचण्याचे दुःख कमी होते, हे फ्रान्स, अमेरिका आणि कॅनडा येथे पारखले गेले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी काढून ठेवलेल्या दुधाचा गुण २००४ मध्ये दाखविला. गुजरातेत करमसद येथे सोमशेखर निंबाळकर आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना टाच टोचण्यापूर्वी १५ मिनिटे आईच्या उराशी कांगारूसारखे बांधून ठेवले आणि वेदनेचे गुण उतरल्याचे २०१३ मध्ये लिहिले. आपल्या राज्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनी शिरेतून रक्त काढताना नवजात कसा प्रतिसाद देतात, याचा अभ्यास २००५ मध्येच प्रसिद्ध केला आहे. म्हणजे ज्ञान सातासमुद्रापार नाही; ते वर्ध्यापर्यंत आलेले आहे, आणि वर्ध्याहून नांदेडास येण्यास वीस वर्षे लागावीत इतका काही तो रस्ता खराब नाही.

पण यासाठी आई बाळाजवळ असली पाहिजे. केंद्र शासनाने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाने शुश्रूषा करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढून नवजात कक्षाचे दार आईबापांस उघडे केले आहे. प्रत्यक्षात मी एका मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, टाके ओले असलेल्या बाळंतिणी चादरीवर बसलेल्या पाहिल्या आहेत. आत ‘प्रोसिजर’ चालू आहे, म्हणून त्यांना बाहेर काढले होते. ज्या घटकेस त्यांची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच घटकेस त्या बाहेर. त्यांतील एक मुखेडकडची मुलगी मला म्हणाली, “बाबा, आतून रडल्यालं ऐकू आलं की दूध आपोआप येतंय बघा.” ते दूध आतल्या बाळाच्या जिभेवर पडते तर कोणत्याही औषधभांडारातून मागणी नोंदविण्याची गरज नव्हती.

खेड्यांतील लसीकरणाच्या दिवशीही हेच. दीड महिन्याच्या डोसाला बाळाच्या दोन्ही मांड्यांत आणि दंडावर सुया जातात. अंगणवाडीच्या ओसरीवर रांग लागलेली असते, आशाताई नावे पुकारीत असतात, आणि आजीबाई सुनेला बजावीत असतात की आता पाजू नको, ओकेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगून ठेवले आहे की लस टोचताना बाळ आईच्या कुशीत धरलेले असावे, शक्य तेथे अंगावर पीत असावे, सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून पाहण्याची गरज नाही, आणि एकाहून अधिक लसी असतील तर अधिक झोंबणारी शेवटी द्यावी. यांतील एकाही सूचनेस दमडीचा खर्च नाही. एक परिपत्रक आणि आरोग्यसेविकांच्या मासिक सभेतील अर्धा तास, एवढेच भांडवल.

आता चाचण्यांच्या मुद्द्याकडे येतो. २०१७ मध्ये डेनिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी गोड द्रवांवरील दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र मांडून दाखविले की ते गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा २००२ मध्येच जमा झाला होता. तरीही त्यानंतर वर्षानुवर्षे अशा चाचण्या होत राहिल्या, ज्यांत एका गटाच्या बाळांना नुसते पाणी किंवा काहीच नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध लागतो, प्रबंधास दोन गट लागतात, आणि दोन गटांत फरक ठळक दिसावा तर एकाला काहीच न देणे सोयीचे. हे दुष्टपणाने होत नाही, सवयीने होते. माझी विनंती अशी की नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील नैतिकता समित्यांना आपण कळवावे की टोचण्याच्या वेदनेवरील कोणत्याही नव्या चाचणीत कोणत्याही बाळास सिद्ध उपायावाचून ठेवले जाऊ नये; नव्याची तुलना जुन्या चांगल्याशी व्हावी, शून्याशी नव्हे. तुलनेसाठी प्रश्न पुष्कळ पडले आहेत: अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळास साखर दिवसातून दहा-दहा वेळा महिनाभर दिली तर पुढे काय होते, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करताना कोणता उपाय खरोखर लागू पडतो, टाच टोचण्यापेक्षा कुशल हाताने शीर टोचणे आपल्या कक्षांत कितपत जमते. हे प्रश्न मराठवाड्यात सुटले तर जगास उपयोगी पडतील.

अशा चाचण्यांच्या संमतीपत्राकडेही तेवढेच पाहावे. देगलूर-बिलोलीकडच्या बाळंतिणीपुढे जो छापील कागद येतो, त्यावर ती सही करते किंवा अंगठा उठविते. तो तिला मराठीत, आणि लागल्यास तेलुगूत, कन्नडात वा दखनीत, कोणी बसून वाचून दाखविला किंवा नाही, याची नोंद त्या कागदावरच असावी. न्यायालयात अशिक्षिताचा दस्त वाचून दाखविल्याचा शेरा नसेल तर विरोधी वकील त्याच्या चिंध्या करतो.

आक्षेप मला ठाऊक आहे. एका सिस्टरच्या हाती मंजूर संख्येहून दुप्पट बाळे असतात, आणि एका खाटेवर दोन बाळे ठेवण्याची वेळ येते, तेव्हा हा म्हातारा आणखी एक रकाना मागतो आहे. आक्षेप खरा आहे, आणि रिक्त पदे भरावीत ही मागणी या पत्राहून मोठी आहे, म्हणून ती मी येथे दोन ओळींत गुंडाळीत नाही. परंतु रकाना भरताना एक गोष्ट आपसूक घडते: सकाळी साखरेसाठी, दुपारी काविळीसाठी आणि संध्याकाळी जंतुदोषासाठी अशी तीनदा टोचलेली टाच एकाच कागदावर एकाखाली एक लिहिली गेली की दुसऱ्या दिवशी राउंडला आलेले डॉक्टर तिन्ही तपासण्यांचे रक्त एकदाच काढावयास सांगतात. टाळलेली सुई हे सर्वांत स्वस्त वेदनाशामक आहे, आणि त्याने सिस्टरचे कामही कमी होते.

रकान्याचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात पाच घरे आहेत: वेळ, काय टोचले, टोचण्यापूर्वी काय दिले अथवा केले, गुण, आणि आई जवळ होती किंवा नाही. हुकूम काढून तो एकदम सर्व जिल्ह्यांत छापू नये, अशी विनंती आहे. आधी एखाद्या तालुक्याच्या नवजात कक्षात रात्रपाळीच्या सिस्टरबाईंकडून तो पंधरा दिवस पेन्सिलीने भरवून पाहावा, त्यांनी ज्या घरावर निरुपयोगी म्हणून काट मारली असेल ते काढून टाकावे, आणि उरलेले छपाईस पाठवावे. पाचवे घर मात्र कोणी काटले तर त्याचे कारण लेखी मागवावे.



आपला विनीत,
एक निवृत्त शिरस्तेदार
देगलूर, जि. नांदेड